हा माझा काळा टप्पा आहे, मग गोळ्या कशाला?

हर्मेटिक तत्त्वज्ञान (हर्मेसच्या नावावर चालणारी जुनी गूढविद्या), किमया (साध्या धातूचं सोनं करण्याची विद्या), युंग (स्विस मनोविकारतज्ज्ञ) हे शब्द पूर्वी माझ्या समुपदेशनाच्या खोलीत क्वचित ऐकू यायचे. हल्ली रात्री दोन-दोनपर्यंत यूट्यूब पाहून माणसं स्वतःच्या दुःखाचं लॅटिन नाव ठरवूनच येतात. मला त्याचा राग नाही. नाव सापडलं की निदान बोलायला सुरुवात तरी होते. पण त्यामागोमाग एक काळजी हमखास येते: "माझं आत जे मोडतंय ते बदलासाठीच मोडतंय. औषधाने ते थांबवलं तर बदल अर्धवट नाही का राहणार?"

हा प्रश्न मला सर्वांत नेमका विचारला तो एका केमिस्ट बाईंनी. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वय पंचेचाळिशीचं, औषध कंपनीच्या, मालाचा दर्जा तपासणाऱ्या क्यूसी लॅबमध्ये अर्धी हयात गेलेली. आधी घटस्फोट, पाठोपाठ आईचा मृत्यू आणि मग एका सकाळी राजीनामा. धाकटी बहीण त्यांना जवळजवळ ओढतच घेऊन आली होती. "ताई जेवत नाही. पहाटे तीनला उठून बसते. कपडे बघा कसे लोंबताहेत अंगावर." बाई शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, मी निग्रेडोत आहे. हिला नाही कळायचं ते."

निग्रेडो म्हणजे युरोपातल्या किमयागारांच्या कामाचा काळा टप्पा. बंद पात्रातला पदार्थ कुजतो, काळा पडतो. मग धुतल्यासारखा पांढरा होतो, तो अल्बेडो. शेवटी लाल, म्हणजे परीस हाती आला. कार्ल युंगने मानसशास्त्र आणि किमया यांवरच्या १९४४ च्या ग्रंथात म्हटलं, की पात्रातले हे रंग किमयागाराच्या मनातल्या घडामोडींचंही चित्र आहेत. बाईंच्या फोनच्या वॉलपेपरवर १५५० साली फ्रँकफुर्टला छापलेल्या एका किमयाग्रंथातलं चित्र होतं. राजा आणि राणी मरून एकच देह झालेत, त्याला डोकी दोन, तो शवपेटीत पडलाय आणि वरच्या ढगातून त्यावर दव गळतंय. "मी आत्ता इथे आहे," त्या म्हणाल्या, "दवाची वाट बघतेय."

चित्र सुंदरच आहे, वाद घालावा असं त्यात काही नव्हतं. मी वेगळे प्रश्न विचारले. दिवसातला कुठला वेळ जास्त जड जातो? सकाळ. आवडीचं काही करावंसं वाटतं? नाही, दोन महिने झाले. आईच्या जाण्यात आपलाच दोष आहे असं वाटतं? मान खाली. आणि मग सरळ: आयुष्य संपवावं असं मनात येतं का? (हे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही निव्वळ भीती आहे. विचारल्याने माणूस बहुधा मोकळा होतो.) "झोपले की उठूच नये असं वाटतं. पण करणार काही नाही." बहीण तेव्हा बाहेर बसली होती. ताईंच्या परवानगीने तिला आत घेतलं. रात्री सोबत कोणी झोपायचं, विचार वाढले तर कोणाला फोन करायचा हे तिथेच ठरवलं. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे. तो क्रमांक दोघींच्या फोनमध्ये घातला. उदास मन किंवा कशातच रस न वाटणं, त्याला झोप, भूक, अपराधीपणा यांची जोड, आणि हे सगळं दोन आठवडे किंवा जास्त, जवळजवळ रोज: याला आम्ही नैराश्याचा आजार म्हणतो आणि मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतो. थायरॉइडही तपासून घेतो.

बाई तयार होईनात. युंगचाच दाखला दिला. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याच्याशी फाटल्यावर तो स्वतः अंधारात उतरला होता, १९१४ साली त्याने विद्यापीठाची नोकरीही सोडली होती, आपला राजीनामा त्याच वाटेवरचा आहे. खरं आहे, मी म्हटलं. पण त्या काळात त्याने रुग्ण तपासणं सोडलं नाही. आपण डॉक्टर आहोत, बायको आहे, पाच मुलं आहेत, क्यूस्नाख्टच्या अमुक घरात राहतो, हे तो स्वतःला पुनःपुन्हा बजावत असे आणि त्यानेच आपण तगलो असं त्याने पुढे सांगितलं. "तुमच्या बाजूला आत्ता काय काय शिल्लक आहे?" बाई बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "ही." म्हणजे बहीण.

युंगवर रसायनशास्त्राच्या इतिहासकारांचा एक आक्षेप आहे आणि तो मला पटतो. किमयागार काही ध्यानाला बसलेले नव्हते. त्यांच्या भट्ट्या खऱ्या होत्या, काळा पडणारा माल खरा होता. आयुष्यभर फ्लास्क हाताळलेल्या बाईला हे सांगणं सोपं गेलं. त्या जुन्या ग्रंथांत आच सांभाळण्यावर पानंच्या पानं आहेत. काळ्याच्या आधीच लाल दिसला तर आच जास्त झाली, काम बिघडलं, असा इशारा आहे. ब्रिस्टलच्या थॉमस नॉर्टनने १४७७ मध्ये किमयेवर इंग्रजी पद्य रचलं. त्यात मदतनिसांबद्दल तो म्हणतो, की निम्म्यांनी काम करावं आणि तेवढ्यात बाकीच्या निम्म्यांनी झोपावं किंवा चर्चला जावं.

बाई पहिल्यांदा हसल्या. "म्हणजे शिफ्ट!"

"हो. आणि तुम्ही कितवी शिफ्ट सलग करताय? रात्रीची माणसं कुठे आहेत तुमची?"

त्यानंतरचं बोलणं सोपं होत गेलं. पात्र तडकायच्या आत आच उतरवली तर प्रयोग मोडतो का, असं मी विचारलं. त्यांनीच उत्तर दिलं, की आच उतरवणं हाच तर प्रयोग असतो. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांना परिणाम दाखवायला दोन-चार आठवडे लागतात. तोवर रोज सकाळी बहिणीबरोबर वीस मिनिटं चालायचं, दोन्ही वेळा ताटावर बसायचं आणि पहाटेचे व्हिडिओ बंद, एवढंच ठेवलं. मधे कुठल्याशा ऑनलाइन दुकानातून पाऱ्याची गुटिका मागवायचा त्यांचा विचार होता. 'यथा लोहे तथा देहे' (जसं धातूत तसं देहात) हे रसार्णव या रसविद्येवरच्या जुन्या संस्कृत ग्रंथातलं वचन तिथे जाहिरातीला वापरलं होतं. तो बेत हाणून पाडायला मात्र मला काहीच करावं लागलं नाही. पारा पोटात गेला तर काय होतं हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

झोप लागायला लागल्यावर खरं काम सुरू झालं. किमयेची भाषा तिथे उपयोगी पडली, हे मान्य करायला हवं. अल्बेडोतलं धुणं म्हणजे काय, असं विचारत आम्ही आईच्या शेवटच्या महिन्यांकडे गेलो. कुठले निर्णय डॉक्टरांचे होते, कुठले भावाचे, कुठले त्यांचे, अशी फोड त्यांनी लॅबच्या वहीसारखी रकाने आखून केली. त्यांच्या रकान्यात उरल्या त्या दोन गोष्टी, आणि त्यांतल्या एकीसाठी त्या पुढे बराच काळ रडल्या. ते रडणं औषधाने थांबलं नव्हतं. उलट आधी रडूच येत नव्हतं.

तालाचा नियम (सगळं लंबकासारखं जाऊन परत येतं), कंपनाचा नियम असे हर्मेटिक 'सात नियम' त्यांना इजिप्तइतके प्राचीन वाटत होते. ते ज्या 'किबॅलियन' या पुस्तकातून आले ते १९०८ साली शिकागोत छापलं गेलं. लेखक म्हणून 'तीन दीक्षित' एवढंच आहे, आणि ते बहुधा योगी रामचरक या नावाने योगावर पुस्तकं लिहिणाऱ्या विल्यम अ‍ॅटकिन्सनचं काम, असं मानलं जातं. बाई थोड्या खट्टू झाल्या. मग म्हणाल्या, "नियम १९०८ चा असला तरी लंबक परत येतोच की." मी म्हटलं, येतो, पण तो कधी येईल हे पुस्तकात नाही, आणि तोवर जेवावं लागतं.

औषध कधी कमी करायचं हे आता त्या डॉक्टरांशी बोलून ठरवताहेत. अर्ध्या दिवसाची नोकरी शोधताहेत. लॅबमध्ये परत जायचं की शिकवायचं यावर आमचं एकमत नाही, बहिणीचं तर मुळीच नाही.