नेपरविलमध्ये भाड्याने राहतोय. ऑस्वेगो-प्लेनफिल्डकडे नवीन घर घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की दोघंही एच-१बीवर, म्हणजे नोकरीला बांधलेल्या तात्पुरत्या व्हिसावर आहात, मुलगी पुढच्या वर्षी किंडरगार्टनला जाईल, नेपरविलच्या किमती हाताबाहेर गेल्यात आणि म्हणून शिकागोच्या नैर्ऋत्येकडच्या नव्या वसाहती बघताय. आम्ही प्लेनफिल्डला बरीच वर्षं राहतोय. भाग चांगला आहे, घर जरूर घ्या. फक्त मॉडेल होमचं किचन बघून ठरवू नका, टॅक्सचं बिल वाचून ठरवा.

इलिनॉयमधला प्रॉपर्टी टॅक्स देशातल्या सगळ्यात जड टॅक्सांपैकी आहे. या पट्ट्यात तो घराच्या बाजारभावाच्या साधारण दोन ते तीन टक्के पडतो, आणि नेपरविल सोडून केन्डल काउंटीकडे, म्हणजे ऑस्वेगो-यॉर्कव्हिलकडे जाल तसा तिनाच्या बाजूला झुकतो. पाच लाखांच्या घराला वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर. कर्ज फिटलं तरी हा खर्च सुटत नाही. त्यातला सगळ्यात मोठा वाटा शाळांना जातो. नेपरविलमध्ये कचेऱ्या आणि दुकानं भरपूर, त्यांच्याकडूनही टॅक्स येतो. ऑस्वेगो-यॉर्कव्हिलकडे कालपरवापर्यंत मका आणि सोयाबीन होतं, त्यामुळे शाळांचा आणि रस्त्यांचा बराचसा भार घरांवरच पडतो. घर स्वस्त दिसतं त्याचं एक कारण हे.

केन्डल काउंटीची लोकसंख्या २००० साली ५४ हजार होती, २०१० मध्ये १ लाख १४ हजार. त्या दशकात टक्केवारीने देशात सगळ्यात वेगाने वाढलेली काउंटी हीच. मधेच २००८ ची मंदी आली आणि कित्येक वसाहती अर्ध्यावर राहिल्या. त्यांचा वारसा म्हणजे स्पेशल सर्व्हिस एरिया, इथे सगळे एसएसए म्हणतात. नव्या वसाहतीतले रस्ते, गटारं, पाण्याच्या लाइनी टाकायला गावाने बॉण्ड काढायचे आणि ते पैसे वीस-तीस वर्षं तिथल्या घरमालकांकडून टॅक्सबरोबर वसूल करायचे, अशी ही व्यवस्था. यॉर्कव्हिल, मॉन्टगोमेरीच्या बऱ्याच वसाहतींवर तो बोजा आहे. लिस्टिंगमध्ये तो ठळक दिसेलच असं नाही, बिलावर मात्र वेगळी ओळ असते. एजंटकडून पार्सल नंबर (जागेचा सरकारी नोंदणी क्रमांक) घ्या, काउंटीच्या वेबसाइटवर टाका आणि बिल ओळीओळीने वाचा.

नव्या घराचं पहिलं बिल फसवं असतं, हे नीट समजून घ्या. इथे टॅक्स एक वर्ष मागून चालतो. यंदाचा टॅक्स पुढच्या वर्षी, साधारण जून आणि सप्टेंबर अशा दोन हप्त्यांत भरायचा. त्यामुळे पहिलं बिल नुसत्या मोकळ्या प्लॉटचं किंवा घर उभं राहिल्यानंतरच्या काही महिन्यांचंच येतं. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याच्या लेंडरने एस्क्रो, म्हणजे टॅक्ससाठी हप्त्याबरोबर दरमहा कापून ठेवायची रक्कम, त्या किरकोळ बिलावर लावला होता. पूर्ण घराचं बिल आल्यावर पत्र आलं: एस्क्रोत इतकी तूट आहे, ती भरा, आणि पुढच्या महिन्यापासून हप्ताही वाढणार. नुकतीच दुसरी गाडी घेतली होती त्यांनी. तेव्हा कर्ज घेतानाच लेंडरला लेखी कळवा की एस्क्रो पूर्ण घराच्या अंदाजावर धरा. बिल्डरच्या वाट्याचा टॅक्स क्लोजिंगच्या वेळी, म्हणजे घर तुमच्या नावावर होताना, तुम्हाला क्रेडिट मिळतो, तोही खरं बिल आल्यावर पुन्हा मोजला जाईल का, हे वकिलाकडून बघून घ्या. राहायला गेल्यावर होमस्टेड एक्झम्प्शनचा, म्हणजे स्वतःच्या राहत्या घरावरच्या टॅक्स सवलतीचा अर्ज लगेच करा.

आता शाळा. पत्त्यात प्लेनफिल्ड आहे म्हणून मुलगी प्लेनफिल्डच्या डिस्ट्रिक्ट २०२ मध्येच जाईल असं नाही. प्लेनफिल्ड पत्त्याची काही घरं ऑस्वेगोच्या ३०८ मध्ये आहेत, काही इंडियन प्रेअरी २०४ मध्ये. उलट दक्षिण नेपरविलची काही घरं २०२ मध्ये येतात. पोस्टाचा पत्ता, गावाची हद्द, काउंटी आणि शाळेचा डिस्ट्रिक्ट या चारही रेषा वेगवेगळ्या आहेत. शिवाय वाढत्या गावात डिस्ट्रिक्टच्या आतल्या सीमाही हलतात, आज जवळची शाळा भरली की उद्या दुसरी मिळते. डिस्ट्रिक्टला फोन करून नेमका घर नंबर सांगून विचारा. एजंटच्या तोंडी शब्दावर हा निर्णय सोडू नका.

बेसमेंटबद्दल मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं, कारण आपल्याकडच्या फ्लॅटमधून आलेल्या माणसाला त्याची सवयच नसते. इथली जमीन चिकणमातीची, पाणी धरून ठेवणारी. जुन्या शेतांखाली पाणी वाहून न्यायला नळ पुरलेले असतात, बांधकामात ते तुटले तर पाणी वाट शोधत तुमच्या भिंतीशी येतं. १९९६ च्या जुलैत ऑरोरात चोवीस तासांत जवळपास १७ इंच पाऊस झाला, तो अजून इलिनॉयचा विक्रम आहे. बेसमेंटच्या कोपऱ्यात खड्ड्यात सम्प पंप असतो, तो पाणी बाहेर फेकतो. पण जोराचं वादळ आलं की वीज जाते, आणि पंपाची खरी गरज नेमकी तेव्हाच असते. रात्री दोन वाजता अंधारात कान देऊन बसायचं आणि बॅटरीवरच्या पंपाची घरघर ऐकू आली की जीव भांड्यात पडतो. बिल्डर बहुतेक वेळा बॅटरी बॅकअप देत नाही. तो पहिल्या महिन्यात बसवा. साध्या होम इन्शुरन्समध्ये पंप बंद पडून झालेलं नुकसान धरलेलं नसतं, त्याचं वेगळं कलम वाढवून घ्या. रेडॉनची, म्हणजे जमिनीतून घरात शिरणाऱ्या किरणोत्सारी वायूची चाचणीही करा. आकडा लिटरमागे ४ पिकोक्युरीच्या वर गेला तर पाइप आणि पंख्याची सोय करून घ्यायची.

आणि प्लॉट भर पावसानंतर जाऊन बघा. ‘तळ्याकाठचा’ म्हणून जास्त पैसे घेतात ते तळं बहुधा पावसाचं पाणी साठवायला खणलेलं असतं. मागच्या अंगणातून ड्रेनेजसाठी राखून ठेवलेली पट्टी जात असेल तर तिथे बऱ्याचदा कुंपण किंवा शेड घालता येत नाही.

ऑस्वेगोला पिण्याचं पाणी खोल विहिरींतून येतं आणि जमिनीखालचा तो साठा आटत चाललाय. म्हणून ऑस्वेगो, मॉन्टगोमेरी आणि यॉर्कव्हिल यांनी मिशिगन सरोवराचं पाणी आणायचं ठरवलंय. निर्णय योग्य आहे, पण एवढ्या लांबून पाणी आणायचा खर्च पाणीपट्टीतून निघणार. प्लेनफिल्डला सरोवराचं पाणी आधीपासून आहे. रेल्वेचं मात्र उलट ऐका: शिकागोला जाणाऱ्या मेट्रा लोकलची बीएनएसएफ लाइन ऑरोराला संपते. ती पुढे नेण्याची चर्चा बरीच जुनी आहे, पण तिच्या भरवशावर राहू नका. आज जे स्टेशन आहे तिथवर रोज गाडी चालवायची तयारी असेल तरच घ्या.

पूर्वमुखी घरांना आपल्या लोकांत मागणी फार, त्यामुळे ते प्लॉट आधी जातात. श्रद्धा असेल तर थांबा. नसेल तर दक्षिणमुखी घराचा विचार जरूर करा, जानेवारीत ड्राइव्हवेवरचा बर्फ उन्हाने आपोआप वितळतो. उत्तरमुखी ड्राइव्हवेवर तोच बर्फ काचेसारखा घट्ट होऊन बसतो. देवळासाठी ऑरोराचं बालाजी मंदिर या सगळ्या गावांना जवळ आहे, तेवढं एक सुख.

तुमच्या व्हिसाचं म्हणाल तर नोकरी गेली की हातात जास्तीत जास्त ६० दिवस असतात, आणि तेवढ्यात घर विकलं जाईल याची खात्री नाही. टॅक्स धरून सहा महिन्यांचे हप्ते बाजूला असल्याशिवाय सही करू नका. परत जायची वेळ आली तर घर भाड्याने देता यायला हवं, आणि काही वसाहतींचे एचओए (घरमालकांच्या संघटना) भाड्याने द्यायला मनाई करतात. एचओएचं डिक्लरेशन, म्हणजे त्यांची नियमावली, सहीआधी मागून घ्या आणि त्यात भाड्याचं कलम शोधा.