इंग्रजीत सुसाट, मराठीत अडखळत

अमेरिकेत वाढणारं दुसरी-तिसरीतलं मूल शाळेतल्या इंग्रजी पुस्तकांचा फडशा पाडतं आणि घरी मराठी पुस्तक उघडलं की एकेका अक्षरावर अडतं. ते अडखळणं त्याला स्वतःलाच ऐकू येतं, लाज वाटते, आणि मग ‘मराठी बोअर आहे’ सुरू होतं. म्हणून ऐकायचं पुस्तक आणि वाचायचं पुस्तक वेगळं ठेवा. ऐकायचं पुस्तक त्याच्या वयाचं, रंगतदार. ते तुम्ही वाचून दाखवायचं, आणि मूल स्वतः वाचायला लागलं तरी थांबवायचं नाही. वाचायचं पुस्तक मात्र दोन वर्षं लहान मुलांचं घ्या. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या वेबसाइटवर मराठी गोष्टी मोफत मिळतात, तिसरीतल्या मुलालाही तिथल्या पहिल्या पातळीपासूनच सुरुवात करू द्या. एका पानावर पाचापेक्षा जास्त शब्द अडले तर निमूटपणे पुस्तक बदला.

रोज दहा मिनिटं पुरेत. रविवारी बसवलेला तासभर बहुधा रडारडीतच संपतो.

अडतं कुठे, ते नीट बघा. पहिली वेलांटी सगळ्यात फसवी: ‘दिवा’मध्ये ती दिसते आधी, उच्चारायची नंतर. इंग्रजीत डावीकडून एकेक अक्षर जोडत जायची सवय लागलेलं मूल ‘इदवा’ म्हणतं. ‘दि’ हा एकच तुकडा म्हणून दाखवा. दि, कि, पि, मि अशी चार-पाच कार्डं हातानं लिहिली की काम होतं. दुसरी अडचण ‘बदक’ला ‘ब-द-का’ म्हणण्याची. अक्षरं सुटी शिकवल्यामुळे शेवटचा ‘अ’ लांबतो, तेव्हा पूर्ण शब्द एकदा सलग म्हणून दाखवा. घ-ध, भ-म, थ-य या जोड्या एकाच आठवड्यात शिकवू नका. जोडाक्षरांची घाई तर मुळीच नको.

चुकलं की लगेच टोकू नका. मनात पाच आकडे मोजा. बरीच मुलं वाक्य पुढे सरकल्यावर स्वतःच मागे येतात. नाहीच जमलं तर शब्द सांगून टाका आणि पुढे जा, ‘आठव बघू’ नको. ‘ट’चा ‘त’ झाला किंवा ‘ळ’ नीट आला नाही, तर वाचताना सोडून द्या; उच्चारांसाठी गाणी आहेत, बडबडगीतं आहेत.

आजी-आजोबांना वाचून दाखवणं हा उत्तम उपाय, पण तयारीनिशी. न्यू जर्सीत सकाळ असते तेव्हा पुण्यात संध्याकाळ, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी वेळ जुळते. आधी दोन-तीनदा वाचून झालेलं एकच पान द्या, नवं नको. आणि आजीला आधीच फोन करून सांगा: मध्ये दुरुस्ती नाही, ‘अजून एवढंच येतं का गं?’ तर अजिबात नाही. पान संपलं की पुढे काय झालं एवढंच तिनं विचारायचं.