लाचखोरीत वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याला शिक्षा झाली, तरी लोकांना त्याचं काहीच का वाटत नाही?

वाटतं हो. पण भलत्याच माणसाबद्दल वाटतं. अशाच एका खटल्यात मी पंच, म्हणजे कारवाई डोळ्यांनी पाहणारा त्रयस्थ साक्षीदार, होतो, म्हणून प्रश्न दिसल्यावर राहवलं नाही.

तेव्हा मी एका सरकारी कार्यालयात लिपिक होतो. एसीबीचं, म्हणजे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचं, पत्र आलं, दोन कर्मचारी पाठवा. त्यात माझं नाव गेलं. सापळा कोणावर आहे ते तिथे पोचल्यावर कळलं: पोलीस उपअधीक्षक. पोटात गोळाच आला. तक्रारदार ट्रॅक्टर चालवणारा. भावकीतल्या मारामारीच्या गुन्ह्यातून त्याचं नाव काढायला पैसे मागितले होते. नोटा त्यानेच आणल्या होत्या. एसीबीच्या हवालदाराने त्यांना कापसाच्या बोळ्याने फिनॉल्फ्थॅलिनची पावडर लावली (ती हाताला लागली की सोड्याच्या पाण्यात गुलाबी रंग येतो), नंबर पंचनाम्यात उतरवले आणि मला सांगितलं, याच्यासोबत आत जा, काय बोलतात ते नीट ऐका.

आत त्याने "हा माझा मावसभाऊ" म्हणून माझी ओळख करून दिली. अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. "आणलेस का?" एवढंच विचारलं. डाव्या हाताने नोटा घेतल्या, न मोजता खणात टाकल्या आणि खण गुडघ्याने ढकलून बंद केला. तो गुडघा मला आजही दिसतो. किती सवयीचा होता! बाहेरची माणसं आत आली, सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात त्याचे हात बुडवले. उजव्या हाताचं पाणी होतं तसंच राहिलं, डाव्याचं गुलाबी झालं. बाटल्या लाखेने सील केल्या, लेबलांवर आम्ही दोघा पंचांनी सह्या केल्या.

त्या संध्याकाळी गावात फटाके वाजले. मोबाइलवर त्याचा फोटो फिरत होता.

मग सात वर्षं काहीच नाही. खटला चालवायला सरकारची मंजुरी, दोषारोपपत्र, तारखा. असे खटले शक्यतो २ वर्षांत संपवावेत असं २०१८ च्या दुरुस्तीने भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातच घातलंय, पण आमचं तसं झालं नाही. माझी साक्ष आली तेव्हा बाटलीतला गुलाबी रंग पार उडाला होता. बचावाच्या वकिलांनी मला दीड तास उभं केलं. कोणता हात? खण उजवीकडे की डावीकडे? तुम्ही दारापासून किती फुटांवर होता? मी जे पाहिलं तेच सांगितलं.

तक्रारदार आधीच फितूर झाला होता. कोर्टाच्या व्हरांड्यात मान खाली घालून म्हणाला, "भाऊ, मला त्याच ठाण्याच्या हद्दीत राहायचंय." त्याच्यावर मी रागावू शकलो नाही. पण त्यामुळे सगळा भार माझ्या साक्षीवर आला. तक्रारदार उलटला म्हणून खटला आपोआप पडत नाही, मागणी आणि स्वीकार इतर पुराव्यांवरून सिद्ध होऊ शकतो, असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितलंय. सरकारी वकिलांनी तोच निकाल पुढे ठेवला. शिक्षा ४ वर्षं. त्याच कायद्याच्या कलम ७ ला, म्हणजे लाच घेण्याला, किमान ३ आणि कमाल ७ आहेत.

निकालाच्या दिवशी एक फटाका वाजला नाही. उलट, बिचाऱ्याला मधुमेह आहे, पोरीचं लग्न जमत होतं, असं सुरू झालं. आणि माझे थोरले दाजी भर पंगतीत म्हणाले, "तुझ्या एका शब्दाने माणसाचं घर बसलं. नीट ऐकू आलं नाही म्हणाला असतास तर तुझं काय गेलं असतं?"

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं. सापळ्याच्या दिवशी दिसतो तो रुबाबातला साहेब. शिक्षेच्या दिवशी दिसतो पिकल्या केसांचा, निवृत्तीला आलेला माणूस. मधल्या काळात राग शिळा होतो. शिवाय आपल्यातल्या निम्म्यांनी कधी ना कधी दिलेलेच असतात, त्यामुळे बोलायला तोंड राहत नाही. मला तर ही सहानुभूतीही वाटत नाही. ती भीती आहे. उद्या आपलं काम पडलं तर?

दाजी, तुम्हाला तेव्हा ताईकडे बघून उत्तर दिलं नाही, ते आज देतो. त्या ट्रॅक्टरवाल्याचं घर कोणी मोजलं? नोटा त्याच्या होत्या, गुन्ह्यात नाव त्याचं होतं, आणि भर कोर्टात खोटं बोलायची वेळही त्याच्यावरच आली. त्याला मधुमेह आहे का, हे तुम्ही कधी विचारलंत?

तुमच्याकडे कोणी लाच मागत असेल तर एसीबीच्या १०६४ या हेल्पलाइनवर फोन करा. दिल्यानंतर जाग आली तरी उशीर करू नका. जबरदस्तीने दिली असेल तर ७ दिवसांत कळवावं लागतं, नाहीतर देणाराही अडकतो. आणि पंच म्हणून बोलावलं तर जे पाहिलं तेच बोला, नातेवाईक काय म्हणतील याचा विचार घरी ठेवा.

प्रत्येक सापळा खरा असतोच असं मी म्हणत नाही. सूड म्हणूनही तक्रारी होतात, सुटणारेही पुष्कळ आहेत. आमच्या खटल्यातही अपील दाखल आहे, शिक्षेला स्थगिती आहे, तो अधिकारी घरीच आहे. हायकोर्ट काय ठरवील ते ठरवील. पण त्या खोलीत मी होतो, दाजी नव्हते.