एकटीने ट्रेल, पण कुठला टप्पा?

प्रश्न: उन्हाळ्यात महिनाभर सुट्टी आहे, पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलचा एखादा टप्पा एकटीने चालायचाय. कुठला निवडू?

उत्तर: अमेरिकेच्या पश्चिम भागात मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत जाणारी ही अख्खी ट्रेल साधारण 4,265 किमी, त्यामुळे आधी तुमचा महिना ठरवा मग नकाशा उघडा. जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतरांगेत बर्फ वितळत असतो आणि ओढे दुपारनंतर फुगतात, एकट्या माणसासाठी मला बर्फापेक्षा या ओढ्यांचीच जास्त भीती वाटते, ओलांडायचेच तर पहाटे. दक्षिण कॅलिफोर्नियाचं वाळवंट उन्हाळ्यात नकोच. ऑगस्ट असेल तर जॉन म्युअर ट्रेलचा विचार करा, सिएरा नेवाडातली ही वाट बरीचशी पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवरूनच जाते, योसेमिटी ते माउंट व्हिटनी, साधारण 340 किमी, तीन आठवड्यांत आरामात होते, सोबत चालणारेही भेटतात. परमिट मात्र काही महिने आधीच बघा, आणि वणव्यामुळे रस्ता बंद झाला तर खाली उतरायच्या वाटा आधीच नकाशावर खुणा करून ठेवा.