समुपदेशकांनी बोलावलंय, तर दोघंही जा

ताई, मुलगा तिसरीत, दोन महिने रोज सकाळी शाळेच्या वेळेला पोट दुखतं, डॉक्टरांना काही सापडलं नाही, म्हणून वर्गशिक्षिकेनं समुपदेशकांना भेटा म्हणून सांगितलंय. मिस्टर म्हणतात, "पोरगं काय खुळं हाय काय?" आणि तुम्ही विचारताय, एकटीच जाऊन येऊ का.

एकट्या जाऊ नका. अकरा वर्षं इथं कोल्हापुरात प्राथमिकच्या मुलांसोबत समुपदेशनाचंच काम करते आहे, म्हणून आग्रहानं सांगते. मूल आमच्याजवळ आठवड्यातून अर्धा तास असतं. त्याला ज्याची भीती वाटते ते बहुतेक वेळा घरात नाहीतर वर्गात असतं, आणि ते बदलणं मोठ्यांच्याच हातात असतं.

2022 च्या पावसाळ्यात तिसरीतली एक मुलगी यायची. तिचंही पोटच दुखायचं. 2019 च्या महापुरात त्यांच्या घरात पाणी शिरलं होतं. तिनं घराचं चित्र काढलं आणि दाराशी एक पिशवी काढली. कशाची गं, म्हटल्यावर म्हणाली, "आजीच्या गोळ्यांची. मी शाळेत असताना पाणी आलं तर आजीला कोण उचलणार?" घरात रोज संध्याकाळी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी मोठ्यानं वाचली जायची. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका, हे आकडे तिला पाढ्यांसारखे पाठ होते.

आई नेमानं यायची, पण गेटवरच विचारायची, "बाईंनी काय विचारलं? तू काय सांगितलंस?" चौथ्या खेपेला पोर माझ्याशीही बोलेना. मग मी वडिलांना बोलावलं. मुलांच्या बुटक्या बाकावर बराच वेळ ते गप्प बसून राहिले. मग म्हणाले, "पाण्याचं घरात मीच बोलतो." त्याच रात्री त्यांनी लेकीला जवळ घेऊन सांगितलं: पाणी वाढायला लागलं की आजीला आधी आत्याकडं सोडायचं, कुणाच्या गाडीतून, ते सगळं. पोटदुखी थांबायला आणखी तीन आठवडे लागले, पण थांबली.

तुम्ही जाल तेव्हा झोप, जेवण, घरातली भांडणं, कुणी वारलं असेल तर ते, ट्यूशन, सगळं मोकळेपणानं सांगा. डोळे-कान तपासले नसतील तर तपासून घ्या. मुलगा जे बोलेल त्यातलं तुम्हाला काय कळवणार, हेही पहिल्याच भेटीत विचारा. प्रत्येक शब्द कळणार नाही, आणि तेच बरं. लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघाली तर मात्र ती कुणालाच दाबून ठेवता येत नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

वर्गात मार किंवा टाकून बोलणं असेल तर घाबरू नका. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं दोन्हींवर बंदी आहे. मुख्याध्यापकांना लेखी द्या. सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालकच असतात, त्यांच्याशीही बोला.

मिस्टरांशी खुळं-शहाणं हा वाद घालू नका. "पोराबद्दल तुम्हाला जे माहीत आहे ते बाईंना हवंय," एवढं सांगा. ते खरंच आहे. त्यांना सुट्टी मिळत नसेल तर शनिवारची वेळ मागून घ्या. आणि मुलगा बाहेर आला की गेटवर फक्त भूक लागलीय का, तेवढं विचारा.