दोन पांढऱ्यांतला कुठला?

प्रश्न : ताई, इंदूरला सुदामा नगरात आमचं जुनं घर आहे, दिवाळीच्या आधी हॉल रंगवून घ्यायचाय. मुलगी अमेरिकेत असते, तिने तिथल्या शेरविन-विल्यम्स कंपनीचे दोन शेड पाठवलेत, अलाबास्टर आणि ग्रीक व्हिला. मला तर फोनवर दोन्ही एकच दिसतात! हॉलला एकच खिडकी, तीही उत्तरेला, आणि खाली कोटा दगडाची फरशी आहे. कुठला घेऊ?

उत्तर : तुमचे डोळे बरोबर आहेत हो, ते दोन्ही खरंच सख्खे भाऊ आहेत. भिंत किती उजेड परत फेकते त्याचा एक आकडा असतो, एलआरव्ही म्हणतात त्याला, काळा म्हणजे ० आणि शुभ्र म्हणजे १००, तर अलाबास्टरचा ८२ आणि ग्रीक व्हिलाचा ८४, म्हणजे फरक फक्त दोनाचा. त्याहून जास्त फरक तुमची फरशी आणि ट्यूबलाइट पाडणार आहेत. उत्तरेचा उजेड निळसर असतो, थेट ऊन येत नाही, त्यात कोट्याची हिरवट-राखाडी झाक खालून भिंतीवर चढते, म्हणून मी तुमच्या जागी असते तर ग्रीक व्हिला घेतला असता, तो किंचित उजळ आहे.

पण दुकानदाराने मशीनवर जुळवून दिलेला रंग अगदी तोच येईल असं नाही, म्हणून आधी दोन्हीचे छोटे डबे आणा आणि पुट्टी-प्रायमर झालेल्या भिंतीवर दोन-दोन फुटांचे चौकोन दोन हात मारून वाळू द्या, एक खिडकीजवळ, एक आतल्या कोपऱ्यात. शेजारी कोरा पांढरा कागद धरला की पिवळा कुठला, राखाडी कुठला ते लगेच कळतं. सकाळी बघा, आणि रात्री ट्यूब लावून तर नक्की बघा, कारण ६५०० केल्विनची पांढरी ट्यूब असेल तर क्रीम रंगाचा सगळा ऊबदारपणा जातो, ३००० चा पिवळसर बल्ब लावला की परत येतो.

अजून एक, छत झगझगीत पांढरं करू नका हं. माझ्या बहिणीकडे तसं केलं आणि इतकी सुंदर ऑफ-व्हाइट भिंत पहिल्याच दिवशी मळकी दिसायला लागली, शेवटी छताला तोच रंग मारला तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

आणि पेंटरला सांगा, सगळे डबे मोठ्या बादलीत एकत्र ढवळून मगच सुरुवात कर, नाहीतर मधेच नवा डबा उघडला की भिंतीवर जोड दिसतो.