वकीलपत्र की जामीन?

प्रश्न असा आला आहे: 'सोसायटीच्या सभेत एका सभासदाला बोलू देत नव्हते. पार्किंगबद्दलचं त्यांचं म्हणणं मला मुळीच पटत नाही. पण "त्यांना बोलू तरी द्या" एवढं म्हणालो, तर लगेच "तुम्ही काय त्यांचं वकीलपत्र घेतलंय का?" असं ऐकावं लागलं. हा वाक्प्रचार इथे बरोबर आहे का? नसेल तर मी केलं त्याला मराठीत म्हणायचं काय?'

वाक्प्रचार बरोबर, आरोप चूक. 'वकीलपत्र घेणे' बोलण्यात सहसा टोमणा म्हणूनच येतं, नाहीतर तो टोमणा परतवताना: 'मी काही त्याचं वकीलपत्र घेतलेलं नाही.' गंमत म्हणजे कोर्टातल्या खऱ्या वकीलपत्रावर पक्षकाराची सही असते, वकिलाची असते, पण पक्षकाराचं म्हणणं वकिलाला पटलंय असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं. चोराचं वकीलपत्र घेतलं म्हणून वकिलाला कुणी चोर म्हणत नाही. (तोंडावर तरी.) कोर्टाची पायरी उतरून हा शब्द चावडीवर आला आणि त्याला 'सामील' असा वास लागला.

बाकीचे शब्दही तुमच्या कामाचे नाहीत. 'कैवार' घ्यायला माया लागते. 'तळी उचलणे' खंडोबाच्या तळीवरून आलेलं. ताटाला हात लावला की येळकोटही म्हणावा लागतो. 'री ओढणे' तर उघडच साथीदाराचं काम. 'सहिष्णुता' शब्द चांगला, पण ती खुर्चीत गप्प बसूनही पाळता येते. तुम्ही उठून बोललात.

मी 'जामीन राहणे' सुचवेन. आज जामीन 'मिळतो', 'फेटाळला जातो', पण मूळ अरबी शब्दाचा अर्थ हमी घेणारा माणूस. म्हणूनच जुन्या मराठीत माणूस जामीन 'राहतो' किंवा 'होतो'. ('जामीनदार' हे पुढचं शेपूट. पण रुळलंय, असू दे.) जुन्या व्यवहारात जामिनाच्या जातीही वेगळ्या होत्या: पैशाची हमी घेणारा मालजामीन, वागणुकीची घेणारा फैलजामीन आणि माणूस बोलावल्यावर हजर होईल एवढंच सांगणारा हाजीरजामीन. हा तिसरा म्हणजे तुम्ही. माणूस खरा की खोटा हे तुम्ही सांगितलंच नाही. सभेपुढे तो उभा राहिला पाहिजे, एवढीच तुमची हमी.

याचं अस्सल मराठी उदाहरण 1882 चं. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे तिथल्या छत्रपतींचा छळ करतात, असा आरोप 'केसरी' आणि 'मराठा' या टिळक-आगरकरांच्या पत्रांनी छापला, म्हणून बर्व्यांनी त्यांच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद केली. खटल्यात टिळक-आगरकरांसाठी दहा हजारांचा जामीन हवा होता. जामीन राहिले रामशेठ उरवणे, आणि त्यांना गाठून दिलं होतं जोतीराव फुल्यांनी. आता हे 'केसरी'चं वर्तुळ कुठलं? विष्णुशास्त्री चिपळूणकरांचं. त्याच शास्त्रीबुवांनी 'निबंधमाले'त फुल्यांच्या लिखाणावर झोड उठवली होती, व्याकरणाच्या चुकांसकट. (शब्दचर्चा करणाऱ्यांनी हे अधूनमधून आठवावं.) छत्रपतींच्या या छळाचा विषय असल्यामुळे फुल्यांना त्यात आस्था होतीच, ते नाकारायचं कारण नाही. पण म्हणून त्यांनी 'केसरी'ची तळी उचलली असं कुणी म्हणणार नाही. पुढे टिळक-आगरकरांना शिक्षा झाली आणि 101 दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. ते सुटल्यावर सत्यशोधक मंडळींनी त्यांचा सत्कारही केला.

तेव्हा पुढच्या सभेत कुणी वकीलपत्र काढलं तर सांगा, 'मी त्यांचा हाजीरजामीन आहे, फैलजामीन नाही.' अडचण एवढीच, की हल्ली 'फैल' म्हटलं की समोरच्याला 'नापास' ऐकू येतं. 'वागणुकीचा जामीन' म्हणा, चालेल.